दोन पोती वाळा

आमच्या घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला आधी हात-पाय धुवावे लागत. घरात शिरताना सगळेच धुतात, आमच्याकडे निघताना धुवायची रीत होती. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली शेजारची मंडळी त्याचं फार कौतुक करायची. "लई स्वच्छतेचं घर," म्हणायची. आम्हीही कधी खुलासा केला नाही. खरी गोष्ट अशी, की खालच्या सोप्यात अप्पांचा चांदीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक भट्टी, दोन ऐरणी आणि अप्पा धरून तीन माणसं. हुपरीहून थोरले काका, म्हणजे आमचे दोड्डप्पा, पैंजण आणि लहान मुलांचे वाळे घडवून पाठवीत. अप्पा त्यांना कानस लावीत, घुंगरं डाख देऊन जोडत, उजळत आणि पेठेतल्या दुकानांना देत. कानशीतून उडालेला चांदीचा भुगा माणसाच्या तळव्यांना, नखांना, पायाच्या भेगांना चिकटतो आणि त्याच्याबरोबर घराबाहेर जातो. म्हणून दाराशी एक तांब्याचं घंगाळ ठेवलेलं असे. त्यात हात-पाय धुवायचे. ते पाणी फेकायचं नाही, फडक्यातून गाळायचं, गाळ उन्हात सुकवायचा आणि महिन्याने भट्टीत घालायचा. चार कण निघत. त्या चार कणांसाठी अप्पांनी माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आलेल्या जावयाला, जाताना घंगाळात उभं केलं होतं. त्या बिचाऱ्याला वाटलं, सासऱ्याने पाद्यपूजा मांडली आहे.

तेव्हा संशय आमच्या घरचा कुलधर्म होता. अप्पा कामगारांवर संशय घेत, अव्वा, म्हणजे आमची आई, भाजीवालीच्या तराजूवर घेई, आणि मी सगळ्यांवरच घेत असे. अजूनही घेते. नातसून चहा घेऊन आली की दूध पाण्याचं आहे का म्हणून मी आधी कप हलवून बघते. तिला ते कळतं, पण ती काही बोलत नाही, आणि का बोलत नाही याचाही मला संशय येतो.

मी शाळेत जात होते त्या सालची गोष्ट सांगायची तर आधी पत्र्याची सांगायला हवी. प्लेगाची वर्षं मागे पडली होती. महाराजांच्या कारकिर्दीत शहरात नवं काय काय येत होतं, त्यात पत्राही आला. आमच्या माडीवर जुनी कौलं होती. माकडं नाचली की फुटायची. अप्पांनी ती उतरवून वर नळीचा पत्रा घातला. आमच्या बोळातला तो पहिला पत्रा. माणसं मान वर करून बघत जात आणि अप्पा सोप्यातून त्यांच्याकडे बघत. पहिला पाऊस येईपर्यंत तो पत्रा फक्त मिरवायचा, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. फाल्गुन सरला आणि तो बोलायला लागला. दहा वाजले की 'टण्ण' करून एक पन्हळ ताणायची, मग दुसरी. दुपारी बारापर्यंत माडीवर कुणीतरी पातेली आपटतंय असं वाटे. कावळा बसायचा आणि पाय भाजून लगेच उडायचा. संध्याकाळी पत्रा गार होताना पुन्हा तेच, उलट्या क्रमानं. खाली हातोडीची टुकटुक, वर पत्र्याची टणटण, आणि मध्ये माजघरात बसून आम्ही कैरी घातलेली आंबील पीत होतो.

त्याच चैत्रात माझी थोरली बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. खाली भट्टीची धग, चांदी उजळायच्या तेजाबाचा वास आणि बाहेरच्या माणसांची ये-जा, म्हणून तिची बाज माडीवर टाकली. मुलगा झाला. बारीक, लांब बोटांचा, आवाज मांजरासारखा. आणि त्या पत्र्याखाली, अव्वानं रीतीप्रमाणे बाजेखाली शेगडी सरकवली, शेपा-ओव्याची धुरी दिली, अक्काच्या कानाला फडकं बांधलं. वरून पत्रा, खालून शेगडी. अक्का भाकरीसारखी दोन्हीकडून भाजत होती. चौथ्या दिवशी अव्वानं न बोलता शेगडी काढली. आठव्या दिवसापर्यंत बाळाचं अंग घामोळ्यांनी लाल झालं. ते दूध ओढेना. दोन घोट घेई, मान टाकून देई. सकाळी बरं असे, बारा वाजले की डोळे अर्धे मिटून पडे. वैद्य आले, नाडी बघितली, वर बघितलं आणि म्हणाले, "औषध काय देऊ? पोर भट्टीत ठेवलंय तुमी. असंच ऱ्हायलं तर वैशाख काढायचं न्हाय त्ये." अव्वा जिन्यात बसली आणि पदर तोंडात धरून रडली. तिला रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

पत्रा काढायला अप्पा तयार होईनात. बोळात नाक जाईल ही खरी अडचण होती, पण ते म्हणत पावसाळा तोंडावर आहे. मग मेहबूबचाचांना बोलावणं गेलं. मेहबूबचाचा साहेबलोकांच्या बंगल्यांवर वाळ्याचे पडदे करून बांधत. वाळा म्हणजे माठात टाकतात ती सुवासिक मुळी. तिचे विणलेले पडदे दारं-खिडक्यांना लावायचे, वर पाणी शिंपडायचं, की आत गार वारा. चाचा माडीवर आले, पत्र्याखाली तळहात धरला आणि झटकन मागे घेतला.

"पडद्यानं भागायचं न्हाय," म्हणाले. "ऊन दारातनं येत न्हाय, डोक्यावरनं येतंय. पत्र्याखाली बांबूच्या चटईचं दुसरं छत बांधतो. पत्रा आन् चटई, मधी हातभर जागा. त्यात भाताचं तूस भरायचं."

"तूस?" अव्वा दाराआडून म्हणाली. "उंदरं येतील की! गावानं येकदा भोगलंय, पुन्यांदा उंदरं घरात घालायची व्हय?"

"भाबी, उंदीर कोंडा खातोय, तूस न्हाय. तुसात खायाजोगं काय बी नसतंय. तरी बी कडुलिंबाचा पाला आन् चुना मिसळतो. आन् तुसावर वाळा पसरतो. वास बी येतोय, किडा बी लागत न्हाय."

"वाळा महाग असंल," अप्पांनी डोळे बारीक केले.

"बंगल्यावर दरसाल पडदं बदलत्यात. जुना वाळा टाकून देत्यात. दोन पोती पडल्यात माज्याकडं. तसंच देतो."

फुकट म्हटल्यावर आमच्या घराला खरा संशय आला. फुकट का देतोय? साहेबाच्या बंगल्यातून उचललाय का? छताच्या नावाखाली माडीवरून खालचा कारखाना बघायचाय का? अप्पांनी मला माडीवर बसवलं. "हिसाबाची वही घेऊन बस, लिवल्यासारकं कर, आन् त्याच्या हाताकडं बग." मी पाच दिवस मेहबूबचाचांच्या हातांकडे बघत बसले. त्या हातांनी बांबू चिरला, चटया सुंभानं आढ्याला बांधल्या, सुपानं तूस भरलं, एकाही वेळी मुठीत काही घेतलं नाही. बाळ रडायला लागलं की ते काम थांबवून खाली जात, कारण सुंभ ओढताना आढं करकरतं. जाताना रोज घंगाळापाशी थांबत आणि न सांगता हात-पाय धूत. चांदीच्या जवळही न गेलेले पाय. अप्पा सोप्यातून बघत. तेव्हा मला वाटायचं, काय भोळा माणूस आहे, त्याला काही ठाऊकच नाही.

सहाव्या दिवशी दुपारी बाराला आम्ही सगळे माडीवर गेलो आणि परीक्षकांसारखे उभे राहिलो. पत्रा टणटणला, पण लांबून, शेजारच्या बोळात वाजल्यासारखा. डोक्यावरची धग गेली होती. ती जागा थंड झाली होती असं मी म्हणणार नाही, वैशाखात कोल्हापुरात काहीच थंड नसतं, पण माणसाला श्वास घेता येत होता. वाळ्याचा ओल्या मातीसारखा वास भरला होता. माझा इंजिनिअर नातू सांगतो, तुसात हवा कोंडून राहते आणि कोंडलेली हवा ऊन पुढे जाऊ देत नाही. त्याने स्वतःच्या स्लॅबच्या घरात मात्र असं काही केलेलं नाही, आणि एप्रिलमध्ये मी तिथे पंख्याखाली ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसते. असो. तीन दिवसांत बाळाची घामोळी वाळली. चौथ्या दिवशी त्यानं दूध पिऊन ढेकर दिला आणि अव्वानं खाली येऊन देवापुढे साखर ठेवली. "वाळा मानवला गं पोराला," ती म्हणाली. "पर कुनाला बोलू नगा. दिष्ट लागती."

आता माझ्या गुन्ह्याकडे येते. मुलींच्या शाळेत जाणारी घरातली मी एकटी, म्हणून पत्रं माझ्याकडे असत. अप्पांनी सांगितलं, दोड्डप्पाला एक कार्ड टाक, बाळ बरं आहे, बारशाला या म्हणावं. दोन ओळींत संपलं. कार्डावर जागा उरली. उरलेली जागा मला बघवेना. मी माझ्या मनानं लिहिलं : 'अप्पांनी माडीच्या छतात दोन पोती वाळा भरून घेतला आहे. वरून पत्रा आहे, त्यामुळे काळजी नाही. ही गोष्ट कुणाला सांगू नये.'

इथे एक सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात दोन भावांत आधीच बिनसलं होतं. हुपरीहून बारक्या वाळ्यांचा एक गठ्ठा निघाला होता आणि आमच्याकडे पोचलाच नव्हता. दोड्डप्पा म्हणत, दिला. अप्पा म्हणत, मिळाला नाही. गाडीवान म्हणे, हातात दिला. तिघेही शपथा घेत होते. तो गठ्ठा कुठे गेला ते मला आजतागायत माहीत नाही. पुढे त्या गाडीवानाच्या नातवाच्या लग्नाला मी गेले होते तेव्हा अक्षता टाकायच्या सोडून घरातल्या पोराबाळांच्या पायांकडे बघत होते. तर असा तो गठ्ठा मधे असताना माझं कार्ड हुपरीला पोचलं. हुपरीत वाळा म्हटलं की माठातली मुळी कुणाला आठवत नाही. तिथे घरोघरी वाळा घडतो, बाळाच्या पायातला. दोड्डप्पांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते कार्ड शाळेच्या मास्तरांकडून पारावर वाचून घेतलं. मास्तरांनी खणखणीत आवाजात, 'कुणाला सांगू नये' हे शेवटचं वाक्यसुद्धा, वीसेक माणसांसमोर वाचलं. ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागतं. मी काही न बदलताच करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हातकणंगल्यापर्यंत बैलगाडी आणि पुढे रेल्वे, अशी मजल करून भर दुपारी दोड्डप्पा दारात उभे राहिले. धिप्पाड माणूस, पांढरी मिशी, डोक्याला लाल रुमाल. सोबत मास्तर आणि मास्तरांच्या हातात पुराव्यासारखं माझं कार्ड. पाणी घेतलं नाही, गुळाचा खडा घेतला नाही.

"माडीवर काय भरलंयस?" त्यांनी अप्पांना विचारलं.

अप्पांनी कानस खाली ठेवली. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण भावाचा चेहरा बघून त्यांना कळलं होतं, की विचारणं कशाचं आहे. त्यांचा रंग उतरला. "तुला काय वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"मला वाटायचं काय? लेकीच्या हातचं लिवलेलं हाय. दोन पोती वाळा! एक गठ्ठा म्हणत हुतो मी. हितं पोती हाईत!"

"मग फोडून बग की," अप्पा म्हणाले आणि पुन्हा कानस उचलली.

मी जिन्यात उभी होते. मला सगळं समजलं होतं. तोंड उघडून 'तो वाळा नव्हं, ह्यो वाळा' एवढं म्हणायचं होतं. पण अप्पा माझ्याकडे असं बघत होते, की हूं की चूं करायची हिंमत झाली नाही. माणसाला निर्दोष ठरण्यापेक्षा दुसऱ्याला तोंडघशी पाडणं कधी कधी जास्त गोड लागतं. त्या दिवशी अप्पांना लागत होतं, आणि वर त्याच छताखाली त्यांचा नातू निजला होता.

दोड्डप्पा भट्टीजवळची सळई घेऊन माडीवर चढले. अव्वानं अक्काला आणि बाळाला कोपऱ्यात ओढून घेतलं. थोरल्या दिराशी ती कधी बोलत नसे, पदराआडून माझ्याकरवी निरोप द्यायची. "सांग त्यांना," ती घाईनं म्हणाली, "सांग, पोरासाठनं केलंय. छत फोडू नगा म्हणावं." मी सांगितलं. दोड्डप्पांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी सळई वर खुपसली.

आधी थोडंसं तूस गळलं, पिठासारखं. मग त्यांनी सळई हिसडली आणि चटई फाटली. पोतंभर तूस त्यांच्या डोक्यावर, मिशीत, सदऱ्यात, मास्तरांच्या चष्म्यावर कोसळलं. तरी ते थांबेनात. चांदी जड असते, ती तळाशी असणार, पुढच्या भोकात असणार. दुसरं भोक, तिसरं भोक. अर्धं छत खाली आलं. कडुलिंबाचा सुकलेला पाला पडला, चुना पडला, आणि शेवटी तपकिरी मुळ्यांचे जुडगे त्यांच्या पायांशी येऊन पडले. खोलीभर तो ओल्या मातीचा वास झाला. मास्तरांनी एक मुळी उचलली, नाकाला लावली आणि खाली बघत म्हणाले, "ह्यो तर वाळा हाय. म्हंजे... माठातला."

वर पत्रा उघडा पडला होता. दुपारचा एक वाजला असेल. धग सरळ खाली उतरली. पत्रा टणाटण वाजायला लागला आणि बाळानं ते मांजरासारखं रडणं सुरू केलं, जे आम्ही पंधरा दिवसांत ऐकलं नव्हतं. दोड्डप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग अंग झाडलं, कनवटीला हात घातला आणि एक पुरचुंडी सोडली. आत चांदीचे दोन इवले वाळे होते, स्वतः घडवलेले. म्हणजे ज्या गाडीतून ते भावाला चोर ठरवायला आले, त्याच गाडीतून त्याच्या नातवासाठी वाळेही घेऊन आले होते. माणसाचं हे असं असतं. त्यावर मला आता हसू येतं, तेव्हा भीती वाटली होती. ते बाळाच्या पायाकडे वाकले.

अव्वानं पाय झाकला. डोक्यावरचा पदर मागे गेला होता, तो तिनं सावरला नाही. आमच्याकडे बायकाही पुरुषांसारखं 'मी सांगतो' म्हणतात. ती थेट दिराकडे बघून म्हणाली, "भावजी, मी सांगतो ते ऐका. ह्ये वाळं ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. आदी त्यो वाळा जितं हुता तितं भरा. पोर जगलं तर पाय हाईत घालायला."

चुलत्याला असं कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दोड्डप्पांनी मान खाली घातली. "चटई कुनी बांधली?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांना रणरणत्या उन्हात मेहबूबचाचांच्या घरी घेऊन गेले. वाटेत ते एकदाच म्हणाले, "कार्डावर जागा उरली तर मोकळी सोडावी बाळे." ते मी पुढे जन्मभर पाळलं आहे.

त्या दुपारी बाळाला खाली माजघरात ओल्या गोणपाटाच्या आडोशाला ठेवलं. माडीवर दोड्डप्पांनी डोक्याचा रुमाल काढला आणि फरशीवरचं तूस स्वतः सुपानं गोळा केलं. मास्तर चष्मा पुसत पोतं धरून उभे होते. मेहबूबचाचांनी नवी चटई बांधली. कुणीही त्यांना काय झालं ते सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. उघड्या पत्र्याखाली दोड्डप्पांचा सदरा भिजून पाठीला चिकटला. मधेच ते खाली बसले, वर बघून म्हणाले, "आरं, हितं तर माणूस मरंल की." अप्पा तोवर वर आले होते. ते दारात उभे राहिले, मग आत आले आणि भावाच्या हातातलं सूप घेतलं. दोघे संध्याकाळपर्यंत तूस भरत होते.

उन्हं कलली तशी गाडीची वेळ झाली. सगळे खाली आलो. चाचा सवयीनं घंगाळापाशी गेले, हात धुतले, पाय धुतले, भेगांतून बोट फिरवून धुतले. दोड्डप्पा त्यांना ओलांडून उंबऱ्याकडे निघाले होते.

"पावणं," मेहबूबचाचा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "हात-पाय धुऊन जावा की. हितली रीत हाय."

कामगारांनी हातोड्या थांबवल्या. हुपरीत दोड्डप्पांच्या दारातही असंच घंगाळ होतं, ते कशासाठी असतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आणि ते चाचांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे मला त्या क्षणी कळलं. पाच दिवस मी त्यांच्या हातांकडे बघत होते, आणि ते मला बघू देत होते. मला इतकी लाज वाटली की मी खांबामागे गेले.

दोड्डप्पांनी अप्पांकडे बघितलं. मग तो धिप्पाड माणूस वहाणा काढून घंगाळात उभा राहिला. आधी उजवा पाय धुतला, मग डावा, मग दोन्ही हात कोपरापर्यंत. पाण्यावर भाताचं तूस तरंगत होतं. ते बाहेर आल्यावर अप्पा पुढे झाले. फडकं घेतील, पाणी गाळतील, असं मला वाटलं. त्यांनी घंगाळ दोन्ही हातांनी उचललं, उंबऱ्याबाहेर नेलं आणि बोळातल्या गटारात पालथं केलं. "दादा," ते म्हणाले, "आजच्या दिस मुक्काम कर." दोड्डप्पा थांबले. रात्री जेवायला आंबील, भाकरी आणि झुणका होता आणि मेहबूबचाचा पंगतीत अप्पांच्या शेजारी बसले होते.

घंगाळ त्यानंतर दाराशी परत ठेवलं गेलं नाही. सकाळी अव्वानं ते चिंचेनं लखलखीत घासलं, माडीवर नेलं आणि बाळाला त्यात धरून न्हाऊ घातलं. त्याच्या पायांत दोड्डप्पांचे वाळे होते.